डडली स्ट्रीटच्या रहिवासी संस्थेची चाळीस वर्षं

बॉस्टन शहराच्या मध्यवर्ती भागापासून जेमतेम तीन किलोमीटरवर, रॉक्सबरी आणि डॉर्चेस्टर या दोन भागांच्या सीमेवर, डडली स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या रस्त्याच्या आसपास सुमारे १,३०० प्लॉट ओसाड पडले होते. त्यावर कधीकाळी नांदती घरं होती. काही जळाली, काही पाडली गेली आणि मागे उरल्या त्या गवत माजलेल्या जागा. त्या जागांच्या मधोमध जी माणसं टिकून राहिली, त्यांच्या भरवशावर १९८४ साली ‘डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह’ ही संस्था सुरू झाली. नागरिक संघटनांच्या कामाला वाहिलेल्या या स्मरणिकेत परदेशातल्या एका संस्थेचा इतिहास द्यायचा, तर माझ्या मते तो हिचाच द्यायला हवा. आपल्या वस्तीचा विकास आराखडा रहिवाशांनी स्वतः तयार केला, महापालिकेला तो स्वीकारायला लावला आणि तो अमलात आणण्यासाठी जमीन ताब्यात घेण्याचा सरकारी अधिकारही मिळवला, असं अमेरिकेत पहिल्यांदा घडलं ते इथेच.

ही अवकळा आपोआप आली नव्हती. १९३०च्या दशकात तिथल्या केंद्र सरकारच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे करून कृष्णवर्णीयांच्या आणि गरीब स्थलांतरितांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या होत्या. लाल रंग म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. ज्या घराला दुरुस्तीसाठीही कर्ज मिळत नाही, त्या घराचं काय होतं हे मोडकळीला आलेल्या चाळीत राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धानंतर गोऱ्या मध्यमवर्गाने उपनगरांची वाट धरली. मागे राहिलेल्या इमारतींना भाडं कमी येऊ लागलं, तेव्हा कित्येक घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच घरांना आगी लावल्या. १९७०च्या दशकात या भागातले लोक रात्री अग्निशमन दलाच्या घंटा ऐकत झोपत. रॉक्सबरीतच दुसरीकडे सरकारने महामार्गासाठी घरं पाडली आणि लोकांच्या विरोधामुळे १९७२ साली राज्यपालांनी तो महामार्गच रद्द केला. घरं मात्र परत आली नाहीत.

मग रिकाम्या जागांवर शहराचा कचरा येऊ लागला. बांधकामाचा राडारोडा, जुने टायर, बिघडलेले फ्रिज, सोडून दिलेल्या मोटारी, सडलेलं मांससुद्धा. ट्रक रात्री येत आणि माल टाकून निघून जात. काही ठिकाणी तर विनापरवाना कचरा स्थानकंच थाटली गेली होती. उन्हाळ्यात खिडक्या उघडाव्यात तर दुर्गंधी आणि बंद ठेवाव्यात तर उकाडा, अशा अवस्थेत इथल्या माणसांनी दिवस काढले.

या वस्तीत तेव्हा मुख्यतः चार समाज राहत होते. आफ्रिकन-अमेरिकन, पोर्तो रिको आणि इतर ठिकाणांहून आलेले स्पॅनिश भाषिक, केप व्हर्डचे लोक आणि मागे राहिलेले गोरे. केप व्हर्ड हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचा द्वीपसमूह १९७५ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता. गोव्याच्या वाचकांना या लोकांची आडनावं ओळखीची वाटतील. या चार समाजांच्या मिळून तीन भाषा होत्या, प्रार्थनास्थळं वेगळी होती आणि परस्परांविषयीचे संशयही होते. संस्थेच्या घडणीत या गोष्टीला फार महत्त्व आहे.

सुरुवात झाली ती मात्र बाहेरच्यांच्या पुढाकाराने. स्पॅनिश भाषिकांसाठी काम करणाऱ्या ‘ला अलियान्सा इस्पाना’ या संस्थेने रायली फाउंडेशन या बॉस्टनमधल्या धर्मादाय न्यासाकडे छोटीशी मदत मागितली होती. अर्ज पाहायला म्हणून विश्वस्त १९८४ साली वस्तीत आले आणि आजूबाजूची अवस्था पाहून हादरले. एका कार्यालयाला मदत करून इथे काही साधणार नाही, हे त्यांना कळलं. परिसरातल्या सामाजिक संस्था, चर्च आणि विद्यापीठातले लोक यांना एकत्र करून त्यांनी एक गट नेमला. गटाने महिनोन्‌महिने खपून नव्या संस्थेची रचना तयार केली. हेतू चांगला होता, माणसं प्रामाणिक होती आणि पैसाही होता.

फेब्रुवारी १९८५ मध्ये सेंट पॅट्रिक चर्चमध्ये ही रचना लोकांपुढे मांडायला सभा बोलावली गेली. सभेला गर्दी झाली. व्यासपीठावरून योजना समजावून सांगण्यात आली. कार्यकारी मंडळात सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी बहुसंख्य आणि रहिवाशांना मोजक्या जागा, अशी ती होती. मग सभेतून प्रश्न येऊ लागले. हे फाउंडेशन कोण? यांना आमच्याविषयी ठरवायला कुणी सांगितलं? शे मॅडियन ही तीन मुलांची आई श्रोत्यांत बसली होती. व्यासपीठावर बसलेल्यांपैकी या वस्तीत राहणारे किती, असं तिने विचारलं. एकही हात वर झाला नाही.

संस्थेचा खरा जन्म या सभेत झाला असं मी मानतो, आणि त्याचं श्रेय प्रश्न विचारणाऱ्यांइतकंच व्यासपीठावर बसलेल्यांनाही देतो. ते रुसले नाहीत, सभा गुंडाळून निघूनही गेले नाहीत. रचना मागे घेऊन ती रहिवाशांसोबत नव्याने लिहायला ते तयार झाले. नव्या घटनेनुसार मंडळ ३१ जणांचं झालं आणि त्यात सर्वांत मोठा गट रहिवाशांचा ठरला. पुढे त्यांचं स्पष्ट बहुमत झालं. चारही समाजांना सारख्या जागा मिळाल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या, तर मोठ्या समाजाने लहानांना कायम मतदानात हरवलं असतं. सारख्या जागांमुळे कोणताही ठराव एकट्या समाजाच्या बळावर मंजूर होऊ शकत नव्हता. सामाजिक संस्था, चर्च आणि व्यापारी यांनाही जागा होत्या, पण सूत्रं रहिवाशांच्या हाती आली. त्याच वर्षी निवडणूक झाली आणि पुढच्या वर्षी शे मॅडियन अध्यक्ष झाल्या. पुढची जवळपास दहा वर्षं त्या पदावर होत्या. रायली फाउंडेशनने पाठिंबा चालू ठेवला आणि निर्णय मात्र लोकांवर सोडले. देणगीदाराला हे जमणं फार अवघड असतं.

१९८६ साली पीटर मेडॉफ हे पहिले कार्यकारी संचालक नेमले गेले. ते संघटक होते. आराखड्याच्या गोष्टी बोलण्याआधी लोकांना एखादं काम फत्ते झालेलं दिसलं पाहिजे, ही त्यांची धारणा होती. घरोघरी जाऊन विचारल्यावर पहिल्या क्रमांकाची तक्रार अर्थातच कचऱ्याची निघाली. त्या उन्हाळ्यात ‘आमच्यावर कचरा टाकू नका’ अशी मोहीम सुरू झाली. रहिवाशांनी फावडी-घमेली घेऊन प्लॉट साफ केले, बैठकांना अधिकाऱ्यांना बोलावलं, ट्रकांचे क्रमांक टिपले आणि कचरा स्थानकं बंद करण्याची मागणी महापौर रे फ्लिन यांच्या दारात नेली. फ्लिन स्वतः वस्तीत आले. स्थानकांना टाळं लागलं, बेवारस मोटारी उचलल्या गेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम किरकोळ वाटेल. पण महापालिका आपलं ऐकत नाही असं पंधरा-वीस वर्षं अनुभवलेल्या माणसाला आपण एकत्र बोललो की ती ऐकते, हे या मोहिमेत पहिल्यांदा कळलं. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९७ साली ओला-सुका कचरा वेगळा करून त्याचं खत करायला घेतलं आणि त्यातून शहरभर प्रगत परिसर व्यवस्थापनाचे गट उभे राहिले, हे इथे आठवतं. वस्तीची संघटना बहुधा कचऱ्यापासूनच सुरू होते, कारण तो रोज दिसतो.

डडलीची माणसं कचऱ्यावर थांबली नाहीत, कारण डोक्यावर दुसरीच टांगती तलवार होती. बॉस्टनच्या पुनर्विकास प्राधिकरणाने या परिसरासाठी हॉटेलं आणि कार्यालयांच्या टोलेजंग इमारतींचा एक आराखडा आतल्या आत तयार केल्याचं उघड झालं होतं. त्याचा अंदाजित खर्च ७५ कोटी डॉलर होता. शहराच्या मध्याला जागा संपत आली होती आणि तीन किलोमीटरवरची ही स्वस्त ओसाड जमीन कुणाच्याही डोळ्यांत भरणारीच होती. बॉस्टनकर ‘वेस्ट एंड’ विसरले नव्हते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शहराने ती अख्खी कष्टकरी वस्ती नवनिर्माणाच्या नावाखाली भुईसपाट केली होती आणि तिच्या जागी उभी राहिली ती श्रीमंतांची घरं. आपलंही तसंच होणार, हे डडलीतल्या लोकांना स्पष्ट दिसत होतं. विरोधाचं निवेदन देऊन भागणार नव्हतं. आपला आराखडा त्यांच्या आधी टेबलावर ठेवायला हवा होता.

आपल्याकडे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखडा आधी प्रसिद्ध होतो आणि मग नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात. हा हक्क मोलाचा आहे. २०१५ साली मुंबईचा प्रारूप आराखडा हरकतींच्या माऱ्यामुळेच मागे घेऊन नव्याने करावा लागला. पण हरकत घेणारा शेवटी दुसऱ्याने काढलेल्या रेघांवर बोट ठेवत असतो. डडलीत रहिवाशांनी स्वतः रेघा काढल्या. ‘डॅक इंटरनॅशनल’ ही सल्लागार संस्था निवडली तीही त्यांनीच, आणि सल्लागारांना अट घातली ती सगळं काही लोकांच्या बैठकांतून ठरवण्याची. बैठका इंग्रजी, स्पॅनिश आणि केप व्हर्डच्या क्रिओल भाषेत चालत. पुढे तर कानाला यंत्र लावून तिन्ही भाषांत एकाच वेळी भाषांतर ऐकण्याची सोय झाली. सभेत भाषांतराची सोय करायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून बहुतेक संस्था ती टाळतात. ज्याला चर्चा कळत नाही तो दुसऱ्या सभेला येत नाही, हे या संस्थेने ओळखलं होतं.

१९८७ साली आराखडा पूर्ण झाला. परवडणारी घरं, मधोमध एक चौक, मुलांना खेळायला बागा, पायी जाता येईल अशी दुकानं, स्थानिकांना रोजगार. गगनचुंबी इमारत नाही, हॉटेल नाही. ‘शहरातलं गाव’ अशी त्याची कल्पना होती, आणि मूळ सूत्र होतं ते असं: विकास व्हावा, पण इथे राहणारा माणूस विस्थापित होऊ नये. महापालिकेने हा आराखडा स्वतःचा म्हणून स्वीकारला.

कागद तयार झाला, पण जमिनीचं काय? खरी कोंडी इथे होती. परिसराच्या मध्यभागातल्या ‘डडली ट्रँगल’ या त्रिकोणी तुकड्यात सुमारे ३० एकर मोकळी जमीन होती. त्यातली निम्मी महापालिकेकडे कर थकल्यामुळे आलेली आणि निम्मी खासगी, आणि दोन्ही प्लॉट बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक. खासगी मालकांपैकी काही परगावी, काहींचा पत्ताच नाही, तर काही भाव वाढायची वाट पाहत बसलेले. महापालिकेने आपले सगळे प्लॉट दिले असते तरी सलग रस्ता किंवा घरांची रांग उभी राहिली नसती.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात प्रकरण १२१ए अशी एक तरतूद होती. खासगी पुनर्विकास कंपन्यांना तिच्याआधारे करसवलती आणि प्राधिकरणाच्या मंजुरीने सक्तीचे भूसंपादन करता येई. मोठे विकासक तिचा उपयोग करत असत. संस्थेच्या वकिलांनी विचारलं, हीच तरतूद रहिवाशांच्या कंपनीला का लागू होऊ नये? कल्पना ऐकून वस्तीतच अनेकांच्या पोटात गोळा आला. ज्या अधिकाराने वेस्ट एंड पाडलं, तोच आपण मागायचा? रात्री उशिरापर्यंत बैठका झाल्या. शेवटी ठरलं की अधिकार मागायचा तो फक्त मोकळ्या जमिनीसाठी, कुणाच्याही राहत्या घराला हात लावायचा नाही. या एका अटीमुळे वस्ती एकमुखाने उभी राहिली. जी सत्ता आजवर आपल्याविरुद्ध वापरली गेली, तिला हात न लावण्याची शुचिता न बाळगता ती नीट कुंपण घालून स्वतःकडे घेणं हा संस्थेच्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय होता असं मला वाटतं.

महापौर फ्लिन आणि प्राधिकरणाचे संचालक स्टीफन कॉईल यांनी पाठिंबा दिला. नोव्हेंबर १९८८ मध्ये प्राधिकरणाने मतदान करून ‘डडली नेबर्स इनकॉर्पोरेटेड’ या संस्थेच्या उपकंपनीला त्रिकोणातल्या मोकळ्या खासगी जमिनीच्या संपादनाचा अधिकार दिला. वस्तीच्या संघटनेला हा अधिकार देशात पहिल्यांदाच मिळत होता. बर्कलीचे माजी महापौर गस न्यूपोर्ट याच सुमारास संस्थेचे संचालक झाले. महापालिकेच्या कारभाराची आतून माहिती असलेला माणूस त्या घडीला लाभणं मोलाचं ठरलं.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं मात्र कसोटीची गेली. जमीन घ्यायची तर मालकाला रास्त मोबदला द्यायला हवा. त्यासाठी फोर्ड फाउंडेशनने २० लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं, पण कागदपत्रांत वर्षं गेली. दरम्यान बॉस्टनचा घरबाजार कोसळला, विकासक मागे हटले, आणि आराखडा मंजूर होऊनही डोळ्यांसमोर तेच गवत दिसत राहिलं. या काळात लोकांना धरून ठेवणं हे सभा-मोर्चांपेक्षा कठीण काम होतं. मंडळाच्या बैठका चालू राहिल्या, दर वर्षीचा वस्ती-महोत्सव होत राहिला, झाडं लावली गेली. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘विन्थ्रॉप इस्टेट्स’ ही पहिली घरं उभी राहिली आणि कुटुंबं राहायला आली. डडली स्ट्रीट आणि ब्लू हिल अ‍ॅव्हेन्यूच्या नाक्यावर आराखड्यातला चौकही तयार झाला.

या घरांच्या मालकीची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. ‘डडली नेबर्स’ ही उपकंपनी जमिनीचा न्यास म्हणून काम करते. जमीन कायम या न्यासाची राहते आणि घर कुटुंबाच्या मालकीचं असतं. कुटुंब जमिनीचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा घेतं. घर विकताना किंमत ठरावीक सूत्रानेच वाढवता येते, म्हणजे विकणाऱ्याला थोडा लाभ होतो आणि पुढच्या गरजू कुटुंबाला घर परवडतं. नफेखोराला तिथे शिरायला वाव राहत नाही. पण ही पद्धत लोकांच्या सहज गळी उतरली नाही. ज्यांच्या आजोबांना जमीन घ्यायची मुभाच नव्हती, त्यांना आज घर घ्या पण जमीन तुमची नाही असं सांगणं सोपं नव्हतं. हा आक्षेप न्याय्य होता आणि संस्थेने त्याला एका वाक्यात उडवून लावलं नाही. पुढे २००८ च्या कर्जसंकटात आजूबाजूच्या भागात घरांच्या जप्त्या सुरू झाल्या, तेव्हा न्यासाच्या जमिनीवरचं क्वचितच एखादं घर गेलं. आक्षेपाचं उत्तर बहुतेकांना त्या वर्षी मिळालं.

पीटर मेडॉफ यांनी हॉली स्क्लार यांच्यासह लिहिलेलं ‘स्ट्रीट्स ऑफ होप’ हे पुस्तक १९९४ साली आलं. त्याच वर्षी मेडॉफ वारले. १९९६ साली लीह महान आणि मार्क लिपमन यांचा ‘होल्डिंग ग्राउंड’ हा माहितीपट आला. या दोन्हींमुळे डडलीचं नाव जगभर झालं.

संस्थेचं आणखी एक काम मला विशेष जवळचं वाटतं. तिने मुलांना मंडळावर मतासह जागा दिली. केप व्हर्डहून आलेल्या कुटुंबातला जॉन बॅरोस किशोरवयात मंडळावर निवडून आला, शिकायला बाहेर गेला आणि २००० साली कार्यकारी संचालक म्हणून परतला. तो तेरा वर्षं त्या पदावर होता. २०१३ साली त्याने महापौरपदाची निवडणूक लढवली, हरला, आणि नंतर शहराच्या आर्थिक विकासाचा प्रमुख म्हणून महापालिकेतच काम करू लागला.

आज न्यासाकडे ३० एकरांहून अधिक जमीन आणि त्यावर सव्वादोनशेच्या आसपास कायम परवडणारी घरं आहेत. जुन्या गॅरेजच्या जागी दहा हजार चौरस फुटांचं हरितगृह आहे. तिथल्या मातीत जळक्या घरांच्या रंगातलं शिसं मुरलेलं होतं, त्यामुळे या परिसरात भाजी लावायची तर आधी माती बदलावी लागते. जवळच्या डडली स्क्वेअरचं नाव २०१९ साली न्यूबियन स्क्वेअर झालं. वसाहतकाळातल्या ज्या गव्हर्नरचं नाव डडली स्ट्रीटला आहे, त्याच्या काळातच गुलामगिरीला कायद्याचा आधार मिळाला होता. संस्थेने मात्र आपलं जुनं नाव ठेवलं आहे.

त्रिकोणातले रिकामे प्लॉट आता फारसे उरलेले नाहीत. बॉस्टनमधली घरभाडी आकाशाला भिडली आहेत आणि न्यासाच्या जमिनीबाहेर राहणारे जुने भाडेकरू वस्ती सोडून जात आहेत. म्हणून आता झगडा आहे तो उभ्या इमारती आणि पलीकडच्या अपहॅम्स कॉर्नरमधले दुकानांचे गाळे वाचवण्याचा. त्यांना भूसंपादनाचा जुना अधिकार लागू होत नाही. त्या बाजारभावाने विकत घ्याव्या लागतात, आणि मंडळाच्या बैठकांत सध्या बराच वेळ जातो तो त्यासाठी पैसा कुठून उभारायचा या चर्चेत.